न्हाणीच्या पाण्यावर गोठ्याचा कोबा

वैशाखात आमच्या यवतमाळकडं टँकरची वाट पाहत कामं अडतात. मी गवंडी, न्हाणीचं पाणी वाहून जाताना मला बघवत नाही. म्हणून तेच गाळून मी कोब्याचा, म्हणजे सिमेंट-काँक्रीटच्या जमिनीचा, माल कालवतो. संडासाचं पाणी मात्र यात घेऊच नका.

पाणी रात्रभर टाकीत निवळू द्या, वरची तेलकट साय काढा, मग रेती, कोळसा, गिट्टीच्या थरांतून गाळा. खरा घात करतो साबण. बाटली अर्धी भरून जोरात हलवा. फेस टिकला तर पुन्हा गाळा. एकदा घाईत मी न गाळताच माल कालवला. बुडबुडे आत अडकले, कोबा नखानं खरवडला तरी भुकटी सुटायची. सगळा फोडून पुन्हा केला.

एकदा प्रयोगशाळेत पाणी तपासाच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सामू (पीएच) ६ च्या खाली नको. क्लोराइड लिटरमागे साध्या काँक्रीटला २००० मिलिग्रॅम, लोखंड असेल तर ५०० पर्यंतच. या पाण्यात कालवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची ताकद शुद्ध पाण्याच्या ठोकळ्यांच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे. तरीही स्लॅब-कॉलमला मी हे पाणी लावत नाही. कोबा, नाली, ओटा यांना खुशाल वापरा.

तराईला, म्हणजे कोबा ओला ठेवायलाही, हेच पाणी. ओली पोती टाकून उन्हाळ्यात दहा दिवस कोबा सुकू देऊ नका.