चालत्या लक्ष्याचा वेध: वेब दुर्बिणीसाठी प्रस्तावाची पूर्वतयारी

पावसाळ्यात गोव्याचे आकाश बहुधा झाकलेलेच असते. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवरून ग्रह पाहता पाहता गोडी लागलेल्या विद्यार्थ्याने हे महिने जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मागणारा प्रस्ताव कसा बांधतात हे शिकण्यात घालवावेत, असे मला वाटते. त्यासाठीचे एपीटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते.

तारा किंवा दीर्घिका असेल तर तिचे निर्देशांक भरून भागते. लघुग्रह, धूमकेतू किंवा ग्रहांचे उपग्रह यांच्या बाबतीत मात्र स्थानाऐवजी कक्षा द्यावी लागते, आणि ती एपीटीमधूनच नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या ग्रहगोलांची स्थाने गणणाऱ्या प्रणालीतून नाव शोधून घेता येते. होरायझन्सवर स्वतः तक्ता काढताना निरीक्षकाचे स्थान म्हणून पृथ्वी न निवडता वेबच निवडावी. मुंबईच्या पंचांगातील सूर्योदय पणजीला तंतोतंत लागू पडत नाही, तसेच हे आहे. फक्त येथे फरक फार मोठा असतो. वेब पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर असल्यामुळे, दीड कोटी किलोमीटरवरून जाणारा लघुग्रह तिला पृथ्वीवरून दिसतो त्यापेक्षा पाच अंशांहूनही अधिक सरकलेला दिसू शकतो.

त्यानंतर तारखा पाहाव्यात. सूर्यापासून 85 ते 135 अंशांच्या पट्ट्यातच वेबला पाहता येते, म्हणून आपल्या सवयीचा प्रतियुतीचा (लक्ष्य सूर्याच्या विरुद्ध दिशेला असण्याचा) काळ येथे उपयोगाचा नाही. नेपच्यूनसारख्या संथ ग्रहासाठी वर्षातून सुमारे 50 दिवसांच्या दोन संधी मिळतात. लक्ष्याच्या आकाशातील वेगाचीही मर्यादा असते. आरंभी ती सेकंदाला 0.03 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), म्हणजे तासाला 108 विकला, एवढी ठरवलेली होती. सप्टेंबर 2022 मध्ये नासाच्या डार्ट यानाने लघुग्रहाला मुद्दाम दिलेली धडक टिपताना वेबने याच्या तिपटीहून अधिक वेगाने माग काढला, पण तो अपवाद होता. मुख्य पट्ट्यातील लघुग्रह सहसा या मर्यादेत बसतात, पृथ्वीजवळून जाणारे अनेकदा बसत नाहीत.

प्रस्ताव बहुधा फसतो तो स्थानाच्या अनिश्चिततेपाशी. वेबवरील निअरस्पेक या उपकरणाच्या क्षेत्रीय वर्णपटमापकाची चौकट जेमतेम तीन विकला रुंद आणि तेवढीच उंच आहे. लक्ष्याच्या स्थानातील चूक दोन विकलांची असेल, तर दुर्बीण अचूक माग काढूनही रिकामे आकाशच टिपेल. म्हणून होरायझन्समधील तीन सिग्मा अनिश्चिततेचा (खरे स्थान जवळजवळ नक्की ज्या मर्यादेत असेल तिचा) स्तंभ वेधाच्या नियोजित तारखांसाठी तपासावा आणि तो एका विकलेच्या वर जात असेल, तर आधी जमिनीवरील दुर्बिणींतून नवी स्थाने मोजून ती लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे पाठवण्याची सोय प्रस्तावातच सांगावी. धूमकेतूंच्या बाबतीत वायूंच्या उत्सर्जनामुळे कक्षा सतत बदलत असल्याने ही दक्षता दुप्पट हवी.

दुर्बीण लक्ष्याबरोबर सरकत असल्यामुळे मागचे तारे रेघांसारखे उमटतात. धनू राशीतील ताऱ्यांच्या दाटीतून लक्ष्य जात असेल, तर शक्य असल्यास दुसरी तारीख निवडावी. तेजस्वी ग्रहासाठी लहान उपचौकट (संवेदकाचा छोटा भाग) आणि कमी उद्भासनकाळ (प्रकाश गोळा करण्याचा वेळ) ठेवावा, अन्यथा संवेदक संतृप्त होतो.

शेवटी एपीटीमधील व्हिजिट प्लॅनर, म्हणजे वेध केव्हा घेता येईल हे तपासणारी सोय, चालवावा. अमुक परिभ्रमण अवस्था, अमुक उपग्रहाचे अमुक स्थान अशा अटी वाढत गेल्या, की दुर्बीण नेमकी रोखून धरण्यासाठी लागणारा मार्गदर्शक तारा मिळणारे क्षण घटतात. अशा वेळी वैज्ञानिक प्रश्नाला अनावश्यक असलेली अट आधी सैल करावी आणि प्लॅनर पुन्हा चालवावा.