छाटणीची जखम आणि बुरशी

मोठ्या झाडात बुरशी शिरते ती बहुधा आपणच केलेल्या जखमेतून. म्हणून झड लागलेली असताना मी करवतीला हात लावत नाही. दोन-चार दिवस कोरडे जाऊ देतो.

फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर, सुरकुतलेली कड दिसते. कापायचं ते तिच्या लगेच बाहेर. जखम झाकणारी नवी साल तिथूनच वाढते. पूर्वी मी साफ दिसावं म्हणून खोडालगत घासून कापायचो. त्यातल्या एका झाडाला पुढे चांगली मूठ जाईल एवढी ढोली पडली. लांब खुंट ठेवला, तर तोही कुजतोच.

जड फांदीला तीन काप द्या: कडेपासून हातभर अंतरावर खालून थोडा, त्याच्या जरा पुढे वरून आरपार, आणि शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते.

दुसऱ्या झाडाला हात घालण्याआधी पात्याचा भुसा झटका, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा. जखमेवर डांबर-रंग नको, आत ओल कोंडते. एका वेळी पाव भागाहून जास्त पालवी काढू नका. बुंध्यावर आळंब्या दिसल्या तर मात्र थांबा. आतलं लाकूड आधी जाणकाराला दाखवा.