‘बॅनिश्ड’ खेळताय? घरं बेतानं बांधा
बाहेर सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, अंगाला घामाच्या धारा, आणि आपण स्क्रीनवर थंडीला लाकूडफाटा पुरेल का या घोरात! एकाच माणसानं बनवलेला हा 2014 सालचा, गाव वसवून जगवायचा कॉम्प्युटर गेम. माझं पहिलं गाव उपाशी मेलं, कारण दहा घरं एकदम बांधली. रिकामं घर दिसलं की तरुण जोडपी वेगळी राहतात, पाळणे हलतात, खाणारी तोंडं वाढतात. कामाचे हात तेवढेच. घरं बांधलीच नाहीत तर पुढं नुसती म्हातारी माणसं उरतात. म्हणून कोठार भरलेलं असेल तेव्हाच दोन-तीन घरं, मग थांबायचं. आणि हिवाळ्यात गेमचा वेग दहापट करणं नकोच. मी भाकरी-शेंगाचटणी वाढून घ्यायला उठलो, परत येईस्तोवर सात थडगी.