महापालिका मोठी की जिल्हा परिषद? माणसं मोजायची रीत

कर्मचारी कुणाकडे जास्त, पुणे महापालिकेकडे की जिल्हा परिषदेकडे? पुण्यात हा वाद चहाच्या टेबलावर निघतो आणि जो तो आकडा ठोकून देतो. गंमत म्हणजे दोन्ही आकडे बहुधा खरे असतात, फक्त एकाच गोष्टीचे नसतात.

म्हणून आधी कुठला आकडा हवा ते ठरवा. मंजूर पदं म्हणजे आकृतिबंधातल्या (कुठली किती पदं ठेवायची त्या मंजूर आराखड्यातल्या) खुर्च्या, भरलेली पदं म्हणजे त्यांवर बसलेली माणसं. मी एकदा एका कार्यालयाची मंजूर पदं दुसऱ्याच्या भरलेल्या पदांशी ताडली आणि तो तक्ता आठवडाभर लोकांना दाखवत हिंडलो.

मग माहिती. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार कर्मचाऱ्यांची यादी कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायची असते, संकेतस्थळावर शोधा. जुनी निघाली तर अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत बसवायचा असतो, तेव्हा पाल्हाळ नको. 'दि. ३१ मार्च २०२५ रोजीची संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे. कंत्राटी, मानधनी व रोजंदारी कर्मचाऱ्यांची संख्या स्वतंत्र द्यावी,' एवढं पुरे (संवर्ग म्हणजे एकाच प्रकारच्या पदांचा गट). दोन्हीकडे तारीख एकच टाका.

खरी मेख हजेरीपटाबाहेरच्या माणसांत आहे. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, ठेक्याच्या बसमध्ये चढा. तिकीट देणारा कंडक्टर पीएमपीचा, स्टिअरिंगवरचा ड्रायव्हर ठेकेदाराचा. बसमध्ये माणसं दोन, पण पीएमपीच्या यादीत एकच. त्यात पीएमपी ही वेगळी कंपनी (पुणे पालिकेचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०), त्यामुळे तो कंडक्टरही पालिकेच्या यादीत नाही. सकाळी दारात कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई तर पालिकेच्या नोकरच नव्हेत. ती कचरावेचकांची सहकारी संस्था. अशांसाठी वेगळा रकाना ठेवा, बेरजेत ढकलू नका.

नंतर कामं जुळवा. जिल्हा परिषदेच्या यादीत प्राथमिक शिक्षकांचा मोठा भरणा. पालिकेकडे शाळांखेरीज अग्निशमन, पाणीपुरवठा, दवाखाने. दोन्हीकडचे शिक्षक वजा करून एकदा मांडून बघाच.

शेवटी दर हजार लोकांमागे किती कर्मचारी ते काढा, पण जपून. २०११ च्या जनगणनेत पुणे पालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. आजचे कर्मचारी जुन्या ३१ लाखांत वाटले तर पालिका उगाच फुगलेली दिसते. जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यांतून या गावांची लोकसंख्या काढून त्या ३१ लाखांत जोडा, आणि पुढे बाहेर काढलेल्या फुरसुंगी व उरुळी देवाचीची त्यातून वजा करा.