समेट घडवण्याआधी : महिला समुपदेशन केंद्रात रुजू होणाऱ्यांसाठी

समाजकार्याची पदवी घेऊन तालुक्याच्या ठिकाणी महिला समुपदेशक म्हणून रुजू होणाऱ्या मुलामुलींकडून मला दरवर्षी एकच प्रश्न येतो : पहिल्या काही महिन्यांत नेमके काय शिकावे? माझे बहुतेक काम बीड जिल्ह्यात झाले आहे. त्यामुळे पुढे लिहिलेले सगळे मुंबई-पुण्याच्या केंद्रांना जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. तरीही कामाचा गाभा सगळीकडे सारखाच आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आपण ज्या पायावर उभे आहोत तो आधी माहीत असावा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली, प्रशिक्षित समाजकार्यकर्ती ही कल्पना तिथून राज्यभर पसरली. पुढे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि बाईची तक्रार नोंदवून ती न्यायालयापर्यंत नेणारे संरक्षण अधिकारी हे पद आले. २०१५ पासून वैद्यकीय, कायदेशीर मदत आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी देणारी वन स्टॉप सेंटर सुरू झाली. आज तुम्ही यांपैकी कोणत्याही खुर्चीवर बसलात तरी बाकीच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे हे पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन पाहावे. संरक्षण अधिकारी, तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय, ठाण्यातील महिला अंमलदार आणि ग्रामीण रुग्णालयात अपघात-मारहाणीच्या नोंदी ठेवणारी व्यक्ती, या चौघांशी चेहऱ्याची ओळख असेल, तर रात्री आठ वाजता आलेल्या बाईचे काम फोनवर होते. नसेल, तर तिला सकाळी परत यायला सांगावे लागते, आणि ती बहुधा येत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या खेड्यांत 'शांतता' आणि 'मिटवणे' हे जवळजवळ एकाच अर्थाने चालते. भांडण चव्हाट्यावर आले की चार जाणती माणसे बैठक बसवतात, नवऱ्याला दोन शब्द सुनावतात, बाईला 'लेकरांकडे बघ' म्हणतात आणि तिला नांदायला पाठवले की प्रकरण संपले असे धरले जाते. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, पाण्याचे असंख्य तंटे त्या मोहिमेतील गावसमित्यांमुळे कोर्टाची पायरी न चढता सुटले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र बांधाच्या तंट्यात दोन्ही बाजू आपापल्या घरी झोपायला जातात. मारहाणीच्या तंट्यात तक्रार करणारीला त्याच घरात, त्याच माणसाशेजारी झोपायचे असते. हा फरक ज्या बैठकीत लक्षात घेतला जात नाही, तिथे झालेला समेट गावाला सोयीचा असतो, बाईला सुरक्षित नसतो. नव्या समुपदेशकावर पहिला दबाव इथूनच येतो. सरपंच, माहेरचे लोक, कधीकधी आपले वरिष्ठसुद्धा 'एकदा समजावून पाठवा' असे म्हणतात, आणि त्यांचा हेतू वाईट असतो असेही नाही.

याला उत्तर भाषणाने देता येत नाही. नियमाने देता येते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील २००६ च्या नियमांतील चौदावा नियम प्रत्येकाने मुळातून वाचावा. त्यानुसार समुपदेशनात प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, हिंसेचे समर्थन करता येत नाही, आणि तसे करता येणार नाही हे त्याला आधीच सांगायचे असते. 'ती उलट बोलली म्हणून हात उचलला' हे वाक्य त्या खोलीत मांडण्याची मुभाच नाही. तसेच तो पुन्हा हिंसा करणार नाही, अशी हमी घेण्याची तरतूद आहे. हा नियम मी छापून टेबलावर ठेवते आणि बैठक सुरू होण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवते. अर्धे पाहुणे तिथेच शांत होतात. ज्या बाईला परत जायचे आहे, तिला अडवणे हे आपले काम नाही. ती जाणार असेल तर कोणत्या अटींवर जाणार, अट मोडली तर कुणाला कळवणार आणि रात्री निघावे लागले तर कुठे जाणार, हे तिच्याशी एकटीशी बोलून ठरवावे. नवरा, सासू आणि भाऊ खोलीत असताना तिने दिलेला होकार मी होकार धरत नाही.

दुसरे काम कागदाचे, आणि ते कंटाळवाणे असल्यामुळे नवखे लोक ते टाळतात. कौटुंबिक घटना अहवाल, ज्याला आपण सगळे डीआयआर म्हणतो, तो नमुना क्रमांक एकमध्ये भरला जातो. त्यात 'पती त्रास देतो' असे लिहून उपयोग नाही. कोणत्या सणाच्या आसपास, कोणत्या वस्तूने, शरीरावर कुठे, त्या वेळी घरात कोण होते, नंतर कोणत्या दवाखान्यात गेली, असे लिहावे लागते. बाईला तारीख आठवत नाही, पण 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' हे पक्के आठवते. ते तसेच लिहावे आणि पंचांगातून तारीख काढावी. मारहाणीइतकेच महत्त्वाचे म्हणजे रेशन बंद करणे, दागिने गहाण टाकणे, मजुरी काढून घेणे. कायद्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार स्वतंत्रपणे दिले आहेत, पण अहवालात आर्थिक हिंसेचा रकाना बहुधा कोराच असतो. दवाखान्याबाबतही एक गैरसमज आहे. पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचे पत्र, आणल्याशिवाय तपासणार नाही, असे सांगून बाईला परत पाठवले जाते. या कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे वैद्यकीय मदत देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, आणि घटना अहवाल आधी झालेला नसेल तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवण्याची जबाबदारी नियमांनी रुग्णालयावरच टाकली आहे. भांडण न करता तो नियम दाखवावा, काम होते.

न्यायालयाची बाजू थोडक्यात. अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असे बारावे कलम म्हणते. प्रत्यक्षात यापेक्षा कितीतरी अधिक काळ जातो, आणि ही गोष्ट बाईला पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगावी. म्हणूनच कलम २३ खालील अंतरिम आदेशाची मागणी मूळ अर्जासोबतच करणे मला अंतिम निकालाइतके महत्त्वाचे वाटते. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, पण त्यासाठी आदेशाची प्रत ठाण्यात आणि बाईच्या पिशवीत असली पाहिजे. प्रत मोफत मिळते. वकिलाचेही तसेच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तरीही उत्पन्नाचा दाखला मागणारे भेटतातच, तेव्हा कलमाचा आकडा तोंडपाठ असलेला बरा.

बीडमध्ये काम करताना या सगळ्याला एक वेगळा पेच पडतो, तो म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे जोडपी कोयत्यावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते आणि फेडताना मात्र दोघांचे कष्ट लागतात. अशा बाईने सोडून जायचे ठरवले तर मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, दृष्टीने अर्धा कोयता मोडतो, त्यामुळे तिच्यावर दबाव आणणाऱ्यांत सासरच्यांबरोबर मुकादमही उभा राहतो. हे ज्याने पुस्तकात वाचलेले नाही, त्याला 'घरगुती प्रकरणात मुकादम का बोलतो' हेच कळत नाही.

इथे कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे २७ वे कलम फार उपयोगी पडते. बाई कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते किंवा जिथे काम करते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मार खाल्लेल्या बाईने गावी परत येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. त्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे प्रकरण नोंदवता येते, आणि आपण इथून फोन करून ती वाट मोकळी करून द्यायची असते. उलट, अर्ज गावी दाखल असेल तर हंगामाच्या तारखा वकिलाला लेखी द्याव्यात, नाहीतर पौष-माघातली प्रत्येक तारीख गैरहजेरीत जाते आणि एक दिवस अर्जच निकाली निघतो.

पोटगीचा प्रश्न याहून अवघड आहे. नवरा कोर्टात 'मला काहीच उत्पन्न नाही' म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरवले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असेही म्हटले. ते प्रतिज्ञापत्र आग्रहाने मागावे. रक्कम थकली तर नवऱ्याच्या मालकाने किंवा देणेकऱ्याने ती परस्पर बाईला द्यावी, असा आदेश कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० प्रमाणे देता येतो. साखर शाळेतील शिक्षक किंवा पगारी चालक असेल तिथे हे छान चालते. उचल घेतलेल्या मजुराच्या बाबतीत मात्र पैसा आधीच खर्च झालेला असतो आणि देणे उलट त्याच्याच अंगावर असते. यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. निदान यापुढची उचल दोघांच्या नावे, बाईच्या बँक खात्यात तिचा वाटा टाकून, असा आग्रह समेटाच्या अटींत लिहून घेतला तर काही घरांत तो पाळला जातो.

जातपंचायतीचा विषय आला तर जपून पावले टाकावीत. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेली फारकत ही कायदेशीर घटस्फोट आहे, असे समजून अनेक मुली दुसरे लग्न करतात आणि पुढे अडकतात. हिंदू विवाह कायद्याने मान्य केलेली रूढी सिद्ध होत असेल तरच अशा फारकतीला अर्थ राहतो, त्यामुळे कागद बघताच वकिलाकडे पाठवावा. पंचांनी दंड लावला किंवा वाळीत टाकण्याची धमकी दिली, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून अमलात आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परंतु गुन्हा नोंदवल्यावर त्या कुटुंबाला वस्तीतच राहायचे असते, म्हणून तक्रारीची वेळ आणि निवाऱ्याची सोय बाईने ठरवल्यानंतरच ठाण्यात जावे.

केंद्रात बसून जितके समजते त्याहून जास्त महिला ग्रामसभेत समजते. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. बऱ्याच गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. बचत गटातल्या चार जणींना सोबत घेऊन ती खरोखर भरवली, तर पथदिवे, शाळेच्या वाटेवरचा गुत्ता, संडासासाठी अंधारात करावी लागणारी पायपीट असे सुरक्षिततेचे प्रश्न ठरावात येतात. दारूचे परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी 'आडवी बाटली'चे मतदान घ्यायचे झाल्यास एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. हंगामात निम्म्या बायका फडावर असताना ते मतदान लागले तर हरल्यातच जमा. मागणी उन्हाळ्यात करावी.

नोकरीबद्दल शेवटी दोन गोष्टी. ही बहुतेक पदे कंत्राटी आहेत, मानधन उशिरा येते आणि करार संपला की माणूस बदलतो. तुमच्या जागी येणाऱ्या व्यक्तीसमोर बाईला सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागू नये, म्हणून प्रत्येक फायलीच्या पहिल्या पानावर तिची मागणी तिच्याच शब्दांत, आतापर्यंतचे आदेश, पुढची तारीख आणि कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन केलेला चालतो, एवढे लिहून ठेवावे. शेवटची नोंद सगळ्यांत जास्त तपासावी, कारण नंबर बहुधा नवऱ्याच्या मोबाईलचा असतो.