ब्लूजचे बारा बार, तीनतालाची तीन आवर्तनं: सतार, तबला आणि सॅक्सोफोन एकत्र कसे वाजवावेत

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणारी सतारीची, बासरीची, तबल्याची मुलं नाशकात सहज भेटतात. जॅझ वाजवणारे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. माझं उत्तर असं की आधी लग्नाच्या बँडमध्ये शोधा. तिथला सॅक्सोफोनवाला एकदा ऐकलेली चाल लगेच उचलतो, कुठल्याही पट्टीत वाजवतो आणि रस्त्यावरच्या गोंगाटातही सुरात राहतो. इम्प्रोव्हायझेशनला, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवायला, लागणारी निम्मी तयारी त्याच्याकडे असते. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे गणपतीचे दिवस सोडले तर आषाढीनंतर त्याला वेळही असतो. सरावाचे पैसे मात्र ठरवून द्या, कारण वाजवणं हे त्याचं पोट आहे. गिटार किंवा बेस वाजवणारा हवा असेल तर शरणपूर रोडच्या बाजूला चर्चमधल्या गायनवृंदात विचारा.

माणसं जमली की बहुतेक जण ओळखीचं गाणं घेऊन बसतात. मग सॅक्सोफोन चाल वाजवतो आणि सतार मधल्या मोकळ्या जागा भरते. असं वाजवणं कानाला गोड लागतं, पण त्यात कोणीच कोणाचं ऐकत नाही. म्हणून चालीच्या आधी दोघांना एकच चौकट द्या.

पहिली पायरी: सा कुठला?

पांढरी दोन, म्हणजे कीबोर्डवरचा ‘डी’, घ्या. सतार बहुधा काळी एकला मिळवलेली असते, ती अर्धा स्वर वर चढवायला त्रास नाही. तबलाही गट्ट्यांवर हातोडी मारून तिथे आणता येतो. बँडमधला सॅक्सोफोन बहुतेक आल्टो असतो. त्यावर बोटांनी ‘बी’ धरला की पांढरी दोन वाजते. टेनरवर त्यासाठी ‘ई’ धरावा लागतो. पुढे जो राग सांगणार आहे त्याचे स्वर या पट्टीत दोन्ही सॅक्सोफोनवर अगदी सोपे बसतात. बासरीवाला असेल तर त्याला वेगळी बासरी लागेल, तेव्हा त्याला आधीच सांगा.

दुसरी पायरी: धानी आणि ब्लूज

सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानी रागाचे स्वर आहेत आणि ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला अमेरिकी संगीतप्रकार, वाजवणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा बसणारी पाच स्वरांची मालिकाही हीच. त्यामुळे शिकवण्यात वेळ जात नाही. दरबारीसारख्या रागाला सुरुवातीला हात लावू नका. त्याचा आंदोलित, म्हणजे हलका झुलता, गंधार कीबोर्डवर मिळत नाही, आणि तो काढून टाकला तर दरबारी उरत नाही.

आता ताल. ब्लूजचा एक फेरा बारा बारचा असतो आणि प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. तीनतालाचं आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरा, सोळा मात्रांचं, तेव्हा ही बरोबर तीन आवर्तनं. ब्लूजच्या गाण्यात तीन ओळी असतात, त्यातली एकेक ओळ एका आवर्तनात बसते. इथपर्यंतचा हिशेब कोणीही करील. खरी गंमत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर, कुठे बदलतात ते पाहिलं की कळते.

पहिलं आवर्तन सगळं सा च्या कॉर्डवर चालतं. दुसऱ्यात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मध्यमाची कॉर्ड येते, आठ मात्रा राहते आणि नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, पुन्हा सा येतो. तिसऱ्यात समेवर पंचम, पाचव्या मात्रेला मध्यम आणि परत खालीलाच सा. दोन्ही वेळा घरी परतण्याची जागा खाली हीच आहे. म्हणून सतारवाल्याला कॉर्डची नावं पाठ करायची गरज नाही. तबल्यावर खाली आली की सा कडे वळायचं, एवढं त्याला पुरतं. सॅक्सोफोनवाल्याला उलट बाजूने शिकवा. तबलजीने ठेका धरावा, खालीला हात हवेत फिरवून दाखवावा आणि म्हणावं, “काका, इथे परत या.” काही फेरे झाले की हात दाखवावा लागत नाही.

हे सगळं एका कागदावर लिहा. वर मात्रा, त्याखाली कॉर्ड आणि सगळ्यात खाली स्वरलिपी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी शिष्यांसाठी स्वरलिपी तयार केली आणि पुढे आयुष्याची काही वर्षं याच शहरात, पंचवटीतल्या आपल्या आश्रमात घालवली. नाशकातल्या विद्यार्थ्याने तरी लिहिलेल्या स्वरांना कमी लेखू नये.

तिसरी पायरी: लय आणि कॉर्ड

मिनिटाला १२० मात्रा ठेवा. एक आवर्तन आठ सेकंदांचं, फेरा २४ सेकंदांचा. जॅझमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड. तबलजीला ‘स्विंग’ समजावत बसू नका. मात्रेचे तीन भाग कर, पहिला आणि तिसरा वाजव, एवढं सांगा. तिस्र जाती त्याने केलेली असते. ड्रमसेट सध्या नको, त्यात सतार ऐकूच येणार नाही.

गिटारवाल्याला एक विनंती करा: सा च्या कॉर्डमधला गंधार सोडून दे, सा, प आणि कोमल नि पुरेसे आहेत. याला दोन कारणं. धानीचा कोमल गंधार मोकळा राहतो, हे एक. दुसरं असं की तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार गिटार-कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका खाली असतो. दोन्ही एकत्र धरले की कानाला खुपतं.

गिटारवाल्याला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवीच असेल तर तार पट्टीवर आडवी ओढू दे. ‘शक्ती’ या बँडमध्ये तबलावादक झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवताना जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी यासाठी गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून घेतलं होतं.

चौथी पायरी: सवाल-जवाब

जॅझमधले वादक एकमेकांना चार-चार बार देतात. चार बार म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन, तेव्हा सतार एक आवर्तन, सॅक्सोफोन एक आवर्तन. समोरच्याचा शेवटचा तुकडा उचलूनच सुरुवात करायची, असा नियम ठेवा. पाठ केलेल्या ताना इथे कामाच्या नाहीत, आणि हा नियम असला की त्या आपोआप बंद होतात.

शेवटाला सगळ्यांनी मिळून एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा, घ्या. तबल्यावर ‘तिट कत धा’, बाकीच्यांकडे ‘प नि सा’, एका मात्रेला एक. नवव्या मात्रेला सुरू करून मध्ये न थांबता तीनदा वाजवा, तिसरा धा समेवर पडतो. सॅक्सोफोनवाल्याने ही जागा एकदा पकडली की तो स्वतःच पुढच्या तिहाया शोधू लागतो. तबलजी सोलो वाजवेल तेव्हा लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवणारी तीच ती चाल, सॅक्सोफोनने धरावा; एवढ्या कामाने आवर्तन त्याच्या अंगात मुरतं.

थंडीतला कार्यक्रम

डिसेंबर-जानेवारीत गंगापूर रोडवरच्या एखाद्या लॉनवर वाजवायची वेळ आली तर सूर सांभाळा. गारठ्यात सतारीच्या तारा आखडून चढतात, तर सॅक्सोफोन आणि बासरी उतरतात. दोघं विरुद्ध दिशांना जातात. सॅक्सोफोन आधी काही वेळ फुंकून गरम करावा आणि मग सतारीने त्याच्याशी मिळवून घ्यावं. आधी सतार मिळवली तर काम दोनदा करावं लागतं. सतार आणि तबल्याला जवळून माइक द्या, सॅक्सोफोनला बहुधा लागत नाही.

ब्लूज हातात बसला की काफी थाटाकडे, म्हणजे फक्त ग आणि नि कोमल असलेल्या सात स्वरांकडे, जा. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या ‘सो व्हॉट’ची रचना याच स्वरांवर आहे: सोळा बार एका सा वर, आठ बार अर्धा स्वर वर, पुन्हा आठ बार मूळ जागी. सगळे मिळून तीनतालाची आठ आवर्तनं. मधल्या आठ बारमध्ये, म्हणजे दोन आवर्तनं, सतारीने पूर्ण थांबावं, कारण तरफेच्या तारा जुन्या सा ला मिळवलेल्या असतात आणि छेडल्या नाहीत तरी गुंजत राहतात. तेवढा भाग सॅक्सोफोनला द्या.