माशाच्या कल्ल्यावरच्या चपट्या कृमीची कातडी कशी बघायची

मासा घेताना कल्ल्याचं झाकण उचलून आपण सगळेच बघतो, लाल आहे की नाही. त्याच लाल पाकळ्यांमध्ये बऱ्याचदा अर्ध्या-एक मिलिमीटरचे चपटे कृमी चिकटलेले असतात. नुसत्या डोळ्यांना ते जवळजवळ दिसतच नाहीत. माणसाला यांचा काही त्रास नाही, त्यामुळे घाबरू नका. पण मायक्रोस्कोपखाली यांचं अंग बघाल तर थक्क व्हाल, मी तर पहिल्या दिवशी जेवायचंच विसरले होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मासा ताजा हवा, अगदी आत्ता मेलेला. मी सुरुवातीला बर्फातला रोहू आणला आणि दोन तास शोधून हाती आला फक्त चिकट लगदा, कारण मासा मेला की कृमीही मरतात आणि त्यांची कातडी लगेच विरघळायला लागते. मग तळेवाल्या काकांना सांगून ठेवलं, सकाळी जाळं ओढलं की एक बाजूला ठेवा म्हणून.

कल्ल्याच्या कमानी कापून बशीत तळ्याच्याच पाण्यात ठेवा आणि 20 ते 40 पट मोठं करून बघा. पाकळीच्या टोकाजवळ एखादा धागा लांब होतोय, आखडतोय, जळूसारखा वळवळतोय असं दिसलं की समजा सापडला. आता साधारण 60 अंशांचं गरम पाणी ओता आणि बशी हलवा, म्हणजे कृमी आखडायच्या आत ताणलेले मरतात आणि सुटून खाली बसतात. थंड फॉर्मॅलिन (नमुने टिकवायचं द्रावण) थेट ओतलं तर ते गोळा होतात, मग काही कळत नाही.

ड्रॉपरने एक उचला, स्लाइडवर ठेवा, कव्हरस्लिप टाका आणि कडेला टिपकागद लावून पाणी हळूहळू ओढून घ्या, अंग चपटं होईपर्यंत. इथे घाई नको. मायक्रोस्कोपचा उजेड कमी करा, खालचा डायफ्राम बंद करत आणा, तरच कडा उठून दिसतात. 400 पटीवर मागची चकती शोधा, कृमी पाकळीला चिकटतो ती. मध्ये मोठ्या आकड्यांची (म्हणजे हुकांची) एक जोडी आणि कडेने बारीक आकडे. बारीक 14 असतील आणि डोक्याकडे चार काळे ठिपके असतील तर तो बहुतेक डॅक्टिलोगायरस, रोहू-कटल्यावर हाच जास्त भेटतो. 16 असतील, ठिपके नसतील आणि पोटात बाळ दिसत असेल तर गायरोडॅक्टिलस, हा अंडी न घालता पिल्लंच देतो.

आता कातडीचं. आधी लोक हिला निर्जीव कवच समजायचे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर कळलं की हा जिवंत थर आहे, पेशींच्या मध्ये भिंतीच नाहीत, सगळं एकच सलग आणि केंद्रकं खाली आत बुडालेली. अंडी घालणाऱ्या कृमींचं पिल्लू पाण्यात पोहतं तेव्हा त्याच्या अंगावर लव असते, माशाला चिकटलं की ती गळून पडते. प्रौढाच्या अंगावर आडव्या सुरकुत्या राहतात आणि मधूनमधून स्पर्श ओळखणारे बारीक केस.

हे केस साध्या मायक्रोस्कोपने नीट दिसत नाहीत, त्यासाठी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असलेली लॅब गाठावी लागेल. नमुना तिकडे न्यायचा तर फॉर्मॅलिनऐवजी थंड 2.5 टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (हेही नमुना टिकवायचं रसायन) टाका (हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून), बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुवा, मग 30, 50, 70, 90 आणि 100 टक्के अल्कोहोलमधून पायरीपायरीने काढा. हवेत वाळवू नका, प्लीज. द्रव उडताना कातडीला ओढतो आणि सगळ्या सुरकुत्या खोट्या होतात, त्यामुळे लॅबवाल्यांना क्रिटिकल पॉइंट ड्रायिंगच (कातडी न ओढता दाबाखाली वाळवायची पद्धत) करायला सांगा, त्यानंतर सोन्याचा पातळ थर.

फोटो घेताना चकतीची खालची बाजूही घ्या, बहुतेक जण पाठच काढतात आणि आकडे पाकळीत कसे रुततात ते राहून जातं.